निळ्या पोथीचे ग्रंथप्रामाण्य

आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्राने स्वतःविषयी एक समजूत करून घेतली आहे. ती अशी की, ग्रंथप्रामाण्याशी आपला हिशेब केव्हाच मिटला आहे. पोथीत लिहिले आहे म्हणून खरे, असे आज कोणताही सुशिक्षित मनुष्य चारचौघांत म्हणणार नाही. आम्हांला ही समजूत मान्य नाही. पोथी बदलली आहे, एवढाच काय तो फरक. जुन्या पोथीला सोवळे लागत असे. नवीला संगणक लागतो. जुनीचा अर्थ शास्त्रीबुवा सांगत. नवीचा अर्थ बँकेचा अधिकारी, विम्याचा सर्वेक्षक आणि मोटारींचा दलाल सांगतो. वाचणाऱ्याने मान खाली घालून ऐकायचे, हा भाग मात्र जसाच्या तसा राहिला आहे.

ही नवी पोथी म्हणजे जुन्या मोटारींच्या किमती सांगणारी व्यापारी दरपुस्तिका. हिच्यावर लिहायचे तर साध्या मोटारींपासून सुरुवात करणे सोपे झाले असते. परंतु कोणत्याही शास्त्राची परीक्षा त्याच्या टोकाच्या उदाहरणावर होते, म्हणून आम्ही ते टोक निवडले आहे: फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅकलारेन, पोर्शे या नावांच्या, ज्यांना सर्रास 'सुपरकार' म्हटले जाते, त्या वापरलेल्या मोटारी. त्यांची किंमत ठरवण्याच्या कामी ही पुस्तिका कितपत विश्वसनीय आहे? आमचे उत्तर प्रारंभीच देऊन टाकतो. ती विश्वसनीय नाही, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की ती विश्वसनीय असूच शकत नाही.

वसई-विरारमध्ये राहून, सकाळच्या विरार लोकलमध्ये एका पायावर उभे राहून प्रवास करणाऱ्यांनी फेरारीच्या किमतीवर निबंध लिहावा, हे हास्यास्पद वाटेल याची आम्हांला जाणीव आहे. तेव्हा हा विषय आमच्यापर्यंत कसा आला ते आधी सांगतो.

विरारमध्ये आमचे एक परिचित आहेत. रेती, सिमेंट, सळया यांच्या धंद्यात त्यांनी तीस वर्षे घाम गाळला. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या मनात एकच इच्छा शिल्लक राहिली होती: पोर्शे ९११. नवी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली. एका संध्याकाळी ते हातात एक छापील कागद घेऊन आले आणि म्हणाले, "तुम्ही लिहिणारी माणसं. जरा वाचून सांगा, हा आकडा बरोबर आहे का?" कागदावर मोटारीचे नाव, वर्ष, धावलेले किलोमीटर आणि खाली किंमत होती. किंमत शेवटच्या शंभर रुपयांपर्यंत काटेकोर होती. त्याच मोटारीसाठी मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांनी सांगितलेल्या भावांत मात्र एवढे अंतर होते की, त्या अंतरात वसईत एक बरी सदनिका आली असती. एका बँकेने तो कागद पाहून, मोटार न पाहता, कर्ज देण्याची तयारी दाखवली होती. तारण म्हणून त्यांचा गाळा मागितला होता.

आम्ही त्यांना घेऊन वालीवला एका कारागिराकडे गेलो. महामार्गावर आपटलेल्या मोठ्या मोटारी सरळ करण्यात त्याचे आयुष्य गेले आहे. त्याने कागद हातात घेतला, उलटून पाहिला, आणि परत दिला. "शेठ, ह्या कागदावर गाडीचं नाव आहे. गाडी कुठाय?"

आमच्या मते या विषयावरचे सर्व शास्त्र त्या एका प्रश्नात आले. पुढे जे लिहिले आहे ते त्याचेच भाष्य समजावे.

या पुस्तिकांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या लेस केली या मोटार-व्यापाऱ्याने १९२६ साली 'केली ब्लू बुक' काढले. तेथील प्रतिष्ठित घराण्यांची नावे छापणाऱ्या नोंदवहीलाही 'ब्लू बुक' म्हणत. केलीने नाव तेथून उचलले. म्हणजे किमतीच्या या पोथीचा जन्मच खानदानाच्या यादीच्या पोटी झाला. इंग्लंडात १९३३ साली 'ग्लासेस गाइड' निघाले. केलीचे पुस्तक १९९३ पर्यंत केवळ व्यापाऱ्यांसाठी होते. सामान्य ग्राहकासाठी त्याची आवृत्ती निघाली ती त्या वर्षी. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुमारे सदुसष्ट वर्षे विकणाऱ्याच्या हाती पुस्तक होते आणि घेणाऱ्याच्या हाती नव्हते. आपल्याकडे 'इंडियन ब्लू बुक', 'ऑरेंज बुक व्हॅल्यू' या नावांनी हीच परंपरा आली, ती संगणकाच्या आणि मोबाइलच्या युगात. रंग बदलला, व्यापाराच्या घरातून पुस्तक निघावे ही रीत राहिली.

आता आपल्याच न्यायशास्त्राच्या कसोटीवर ही पोथी घासून पाहू. ज्ञानाची साधने म्हणून नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. शब्द हे प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे कोण? ज्याने वस्तू यथार्थ जाणली आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो. दोन अटी आहेत: एक ज्ञानाची, दुसरी निःस्वार्थतेची. दरपुस्तिकेने ती विशिष्ट मोटार पाहिलेली नाही, म्हणून पहिली अट सुटली. पुस्तिका ज्या धंद्याच्या माहितीवर पोसली जाते त्या धंद्याचे हित स्वस्तात घेण्यात आणि महाग विकण्यात आहे, म्हणून दुसरीही सुटली. मग उरते काय? उरते अनुमान. यात लज्जास्पद काही नाही. जग अनुमानावरच चालते. पण अनुमानाला व्याप्ती लागते. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हे पुष्कळ स्वयंपाकघरे पाहिल्यावर म्हणता येते. एकच स्वयंपाकघर पाहून नव्हे.

या ठिकाणी दोन मोटारींची तुलना करावी. मारुतीची वॅगन-आर आपल्या देशात दरवर्षी लाखाहून अधिक विकली जाते. चार वर्षे वापरलेली, पांढरी, पेट्रोलवर चालणारी वॅगन-आर वसईत, नाशकात, सोलापुरात रोज हात बदलते. तिच्या व्यवहारांची सरासरी काढली तर त्या सरासरीला अर्थ असतो. दहा-वीस हजारांचा फरक सोडला तर पुस्तिकेचा आकडा आणि बाजाराचा आकडा एकमेकांना ओळखतात. आता लॅम्बोर्गिनी घ्या. या कंपनीने २०२२ साली भारतात ९२ मोटारी विकल्या आणि २०२३ साली १०३. वर्षाची शंभरी ओलांडली ती तेव्हा प्रथमच. या शंभरांत वेगवेगळी मॉडेले, वेगवेगळे रंग, वेगवेगळी राज्ये. तीन वर्षांनी त्यांतल्या किती विकायला येतील? एका मॉडेलच्या, एका वर्षाच्या, महाराष्ट्रात नोंदलेल्या किती? हाताची बोटे पुष्कळ झाली. तरीही पुस्तिका वॅगन-आरच्या किमतीपुढे आणि लॅम्बोर्गिनीच्या किमतीपुढे सारख्याच टायपात, सारख्याच ठामपणाने आकडा छापते. लाख व्यवहारांवर मिळवलेली पत ती दोन व्यवहारांवर खर्च करते, आणि या उधारीची नोंद कोठेही नसते. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

बरे, ते दोन व्यवहार तरी खरे असतात काय? आपल्याकडे मोटारीची मालकी बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात होते. ती कितीला विकली गेली हे सार्वजनिक नोंदींतून कोणालाही कळत नाही. मग पुस्तिकेला किंमत कळते कोठून? जाहिरातींतून आणि व्यापाऱ्यांच्या तोंडून. जाहिरातीतील किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत हे त्याचे पुढच्या गिऱ्हाइकासाठीचे धोरण असते. यंत्राला या इच्छा आणि ही धोरणे खाऊ घातली म्हणजे त्यातून सत्य बाहेर पडते, असे मानणे हा नव्या काळातला चमत्कारावरचा विश्वास आहे. शिवाय व्यापारी भाव सांगतो तो पुस्तिका पाहून, आणि पुस्तिका भाव छापते ती व्यापाऱ्याला विचारून. आरशासमोर आरसा ठेवला तर अनंत प्रतिमा दिसतात. मध्ये वस्तू कोणतीच नसते.

सुपरकारची किंमत ज्या गोष्टींवर ठरते त्या गोष्टी पुस्तिकेच्या रकान्यांत मावत नाहीत. फेरारी ३६० मोडेना हीच घ्या. तिच्यात हाताने बदलायच्या गिअरचा जुना धातूचा सांगाडा आहे की सुकाणूमागच्या पट्ट्यांनी चालणारी 'एफ-वन' गिअरपेटी, यावर आज जगाच्या बाजारात तिच्या किमतीत मोठा फरक पडतो. ती नवी होती तेव्हा आधुनिक म्हणून पट्ट्यांचे कौतुक होते. पुढे हातगिअर दुर्मीळ झाले आणि पारडे उलटले. इंजिनाचा टायमिंग बेल्ट ठरलेल्या वर्षांत बदलला की नाही, क्लच किती शिल्लक आहे, आपल्या गतिरोधकांवर तिचे पोट किती वेळा घासले, याची कागदोपत्री साखळी अखंड असेल तर एक किंमत आणि तुटली असेल तर दुसरी. धावलेले किलोमीटर कमी असणे हा गुण मानतात. पण वर्षानुवर्षे आच्छादनाखाली उभ्या राहिलेल्या मोटारीचे रबर सुकते, बॅटरी मरते, हे वालीवचा कारागीर जाणतो आणि रकाना जाणत नाही.

आणि सर्वांत वर सीमाशुल्काचे कागद. २०२१ साली महसूल गुप्तचर संचालनालयाने, परदेशी राजदूतांच्या नावे शुल्कमाफीने आणलेल्या आलिशान मोटारी खाजगी मालकांकडे गेल्याचे प्रकरण उघडकीस आणले. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात सीमाशुल्क खात्याने भूतानमार्गे आलेल्या मोटारींसाठी छापे घातले. अशी मोटार वरून कितीही झळझळीत असली तरी जप्तीची नोटीस आली की तिचे मोल मालकापुरते शून्य होते. पुस्तिका आयातीची कागदपत्रे विचारत नाही. आमच्या परिचितांनी कारागिराच्या सांगण्यावरून ती मागितली, तेव्हा व्यापारी आज देतो, उद्या देतो करू लागला. तिसऱ्या आठवड्यात आमच्या परिचितांनी नाद सोडला. त्यांचा गाळा वाचला. त्यात छापील आकड्याचे श्रेय काडीचेही नव्हते.

फेरारीचा विषय निघाला आणि सचिनचे नाव आले नाही, असे मराठी लेखात होणे नाही. ते येथे आठवणीसाठी नव्हे, पुरावा म्हणून येत आहे. सचिन तेंडुलकरने २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा फियाटतर्फे त्याला लाल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. सिल्वरस्टोनला मायकेल शूमाखरच्या हस्ते ती दिली गेली. मोटार मायदेशी आणायची तर शुल्क सुमारे १ कोटी १३ लाख रुपये, म्हणजे मोटारीच्या मूळ किमतीहून अधिक. केंद्र सरकारने ते माफ केले, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क फियाटने भरले. २०११ साली ती मोटार सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. मध्यंतरी तिच्यावर हिंदी चित्रपटही बेतला गेला, 'फेरारी की सवारी', २०१२ चा. त्यात ती एका लग्नाच्या वरातीसाठी हवी असते.

आता दरपुस्तिका उघडा आणि या मोटारीची किंमत सांगा. मॉडेल ३६० मोडेना, वर्ष २००२, मालक दुसरा. पुस्तिकेच्या दृष्टीने दुसरा मालक हा दोष आहे. किंमत तेवढ्याने उतरते. पण या मोटारीचा पहिला मालक कोण होता यातच तिचे अर्धे मोल आहे! सीमाशुल्क खात्याची किंमत एक, विम्याची दुसरी, सुरतेच्या गिऱ्हाइकाची तिसरी, वरातीची चौथी. यांपैकी कोणतीही खोटी नाही. खोटे आहे ते एवढेच की या सर्वांची एक सरासरी असते आणि ती एका रकान्यात लिहिता येते.

आमच्या वसईला याहून जुना दाखला आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि येथल्या चर्चांच्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशकाच्या नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक आहे, भीमाशंकरला दुसरी आहे. धातूच्या दराने, मणाच्या हिशेबाने त्यांचे मोल कोणीही मोडीवाला काढून देईल. ते मोल चुकीचे आहे असे त्याला पटवणेही कठीण, कारण त्याचा काटा खरा असतो. काटा खरा असून उत्तर चुकते, ही गोष्ट ज्याला उमगली त्याला आमचा उरलेला लेख वाचण्याची गरज नाही.

काळाच्या बाबतीत तर पुस्तिका अगदीच केविलवाणी ठरते. १९९० नंतरच्या काही वर्षांतल्या दोन इंग्रजी मोटारी पाहा. जग्वारची एक्सजे-२२० ही ४,७०,००० पौंडांना विकायला आली. ५०,००० पौंड आगाऊ भरून लोकांनी नावे नोंदवली होती. मग मंदी आली, ग्राहक माघार घेऊ लागले, प्रकरणे कोर्टात गेली आणि सुमारे २८० मोटारींवर उत्पादन आटोपले. तिच्या किमती गडगडल्या. त्याच सुमाराची मॅकलारेन एफ-वन. सर्व प्रकार धरून १०६ बनल्या, नवी असताना किंमत पाच लाख पौंडांच्या पुढे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात त्यांतली एक २ कोटी ४ लाख डॉलरांच्या वर गेली. दोन्ही एकाच देशाच्या, जवळपास एकाच काळाच्या, दोन्ही जगात सर्वांत वेगवान म्हणून गाजलेल्या. घसाऱ्याचे कोणते कोष्टक या दोघींना लागू पडेल?

आपल्याकडे या अस्थिरतेत सरकारी निर्णयांची भर पडते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराची रचना बदलली. मोठ्या मोटारींवर कर आणि उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० टक्क्यांवर आला. नवी मोटार एका रात्रीत स्वस्त झाली आणि आदल्या दिवशी विकत घेतलेली जुनी त्याच रात्री महाग ठरली. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यात ब्रिटिश मोटारींवरचे शंभर टक्क्यांहून अधिक असलेले आयातशुल्क, ठरावीक संख्येपुरते, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने एकरकमी मोटार वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. यांतल्या प्रत्येक निर्णयाने वापरलेल्या आलिशान मोटारीची किंमत हलते, कधी खाली, कधी वर. पुस्तिकेच्या आकड्याखाली तारीख ठळक छापलेली आमच्या पाहण्यात नाही. ज्या पंचांगावर शक लिहिलेला नाही, त्यावरून मुहूर्त कोण काढील?

विशेष म्हणजे, कोष्टकवाल्यांनी स्वतःच आपली मर्यादा एके ठिकाणी लिहून ठेवली आहे. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात घसाऱ्याचा प्रसिद्ध तक्ता आहे: सहा महिन्यांपर्यंतच्या मोटारीला ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि असे करीत पाचव्या वर्षाअखेरपर्यंत ५० टक्के. पुढे काय? पुढे तक्ता थांबतो. पाच वर्षांहून जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या मोटारींची किंमत विमा कंपनी व मालक यांनी आपापसांतल्या समजुतीने ठरवावी, असे तेथे म्हटले आहे. १९४० पूर्वीच्या 'व्हिंटेज' मोटारींसाठी तर आधीच परस्परसंमत किंमत ठरवण्याची स्वतंत्र सोय आहे. सुपरकारचे मॉडेल मुळातच काही वर्षांत बंद होते. म्हणजे नियमाने पाहिले तर या मोटारी लवकरच तक्त्याच्या कक्षेबाहेर जातात. मग सर्वेक्षक 'समजूत' करताना काय पाहतो? दरपुस्तिका! नियमाने जेथे दोन माणसांना बोलायला सांगितले, तेथे आपण पुन्हा पोथी आणून ठेवली.

येथे आमच्यावर एक रास्त आक्षेप येईल. श्रीमंतांच्या खेळण्यांची किंमत दहा-वीस लाखांनी चुकली तर आमच्या पोटात का दुखावे? उत्तर वसईतच आहे.

२०१८ च्या जुलैत वसई-विरार अनेक दिवस पाण्यात होते. रेल्वे बंद, वीज बंद, मिठागरांत माणसे अडकलेली. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर उभ्या असलेल्या मोटारी खिडकीच्या काचेपर्यंत बुडाल्या. शेजाऱ्यांच्या मोटारीची दुरुस्ती विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे जाते म्हणून ती 'पूर्ण नुकसान' ठरली, तक्त्याप्रमाणे रक्कम मिळाली आणि मोटार भंगार म्हणून उचलून नेली गेली. काही महिन्यांनी महामार्गाकडेच्या एका विक्रीच्या आवारात आम्हांला तीच मोटार दिसली. धुतलेली, चकचकीत. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला शेजाऱ्यांच्या मुलाने चिकटवलेले छोट्या भीमाचे चित्र अर्धवट खरवडलेले होते, म्हणून ओळख पटली. काचेवर दरपुस्तिकेतील किंमत छापून लावली होती, शेवटच्या शंभर रुपयांपर्यंत काटेकोर. मोटार पाण्याखाली जाऊन आली आहे काय, हा प्रश्न पुस्तिकेला कोणी विचारला नव्हता. आवारात एक तरुण जोडपे तो आकडा मोबाइलवर पडताळून पाहत होते आणि तो जुळतो म्हणून समाधानाने मान हलवत होते. आम्ही त्यांना बाजूला घेऊन जे सांगायचे ते सांगितले. रोज तेथे जाऊन उभे राहणे आम्हांला शक्य नाही.

वापरलेल्या फेरारीबाबत पोथी चुकते तेव्हा चूक मोठी आणि उघड असते; वापरलेल्या साध्या मोटारीबाबत चुकते तेव्हा चूक लहान आणि झाकलेली असते. चूक एकच आहे: नावाची किंमत वस्तूला चिकटवणे. टोकाच्या उदाहरणात ती स्पष्ट दिसते, म्हणून आम्ही टोक धरले.

आणि ही सवय मोटारींपाशी थांबत नाही. जमिनीचा 'रेडी रेकनर' ही आमच्या तालुक्यातली सर्वांत मोठी दरपुस्तिका. मुद्रांकशुल्क आकारण्यासाठी तो तक्ता असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आंध्र प्रदेशातील एका भूसंपादन प्रकरणात स्पष्ट केले की, अशी मूल्यनोंदवही मुद्रांकापुरती. जमिनीचे बाजारमूल्य ठरवण्याचा आधार ती होऊ शकत नाही. तरीही तक्त्याचा आकडा म्हणजे जागेची किंमत, असे धरून चालणारी माणसे आमच्या आजूबाजूला कमी नाहीत. नालासोपारा पूर्वेला न्यायालयाच्या आदेशावरून २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या प्रारंभापर्यंत ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. त्या विभागाचा दर तक्त्यात होता. दर विभागाचा असतो. ती विशिष्ट इमारत उभी राहणार की पाडली जाणार, हे त्यात लिहिलेले नसते. आयुष्यभराची पुंजी घातलेल्या हजारो रहिवाशांना ते बुलडोझर आल्यावर कळले.

दुसरा आक्षेप असा येईल की, पुस्तिका ही केवळ सुरुवात आहे, शेवट नव्हे, असे तिचे कर्ते स्वतःच बारीक अक्षरांत म्हणतात. हे खरे आहे. पण बँकेच्या अर्जात 'सुरुवातीची किंमत' असा रकाना नसतो. 'किंमत' असा असतो. बारीक अक्षरे कर्त्याला वाचवतात, वाचणाऱ्याला नाही. तिसरा आक्षेप: काहीच नसण्यापेक्षा हे बरे. अनोळखी रानात चुकीचा नकाशा हा नकाशा नसण्यापेक्षा बरा, असे ज्याला वाटते त्याने एकदा तुंगारेश्वरच्या जंगलात ठाण्याचा नकाशा घेऊन जावे. नकाशा नसेल तर मनुष्य वाट विचारतो.

तर मग आमचे म्हणणे काय? पुस्तिका जाळून टाका, असे नाही. तिने आपली जागा ओळखावी, एवढेच. प्रत्येक आकड्याशेजारी तो किती प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढला हे छापावे, आणि ते व्यवहार झालेल्या किमतींचे होते की मागितलेल्या, हेही. एका आकड्याऐवजी नीचांक आणि उच्चांक द्यावेत. तारीख द्यावी. आणि जेथे व्यवहार दहाही नाहीत तेथे स्वच्छ लिहावे: 'किंमत सांगता येत नाही.' हे चार शब्द छापण्याचे धैर्य ज्या पुस्तिकेत असेल तिच्या उरलेल्या पानांवर आम्ही अधिक विश्वास ठेवू. बँकांनी अशा मोटारीवर कर्ज देण्याआधी ती स्वतंत्र जाणकाराकडून तपासून घ्यावी. विमा कंपन्यांनी दुर्मीळ मोटारींना परस्परसंमत किमतीची सोय व्हिंटेजपुरती न ठेवता खुली करावी. यांतली एकही गोष्ट अशक्य नाही. फक्त त्यांत कष्ट आहेत, आणि पोथी कष्ट वाचवते. तिचा सारा महिमा त्यातच आहे.

आमच्या परिचितांनी शेवटी पोर्शे घेतली नाही. अजून इच्छा गेलेली नाही. अधूनमधून ते रविवारी सकाळी वालीवला जातात, एखादी मोटार दुरुस्तीला आलेली असली तर कारागिराच्या शेजारी उकिडवे बसून तिचे पोट पाहतात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "आता मला थोडं थोडं कळायला लागलंय. गालिचा उचलून वास घेतला की समजतं." छापील कागदाचे काय झाले म्हणून विचारले, तर तो कोठे ठेवला ते त्यांना आठवेना.